वारुळापाशी लोखंड चालत नाही

त्या सड्यावर ती अकराच झाडे होती, आणि अकराही मी उपटली.

हे वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला सत्तावीस वर्षे लागली.

१९११ चा भाद्रपद. पुण्याहून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.ए. होऊन मी नुकताच निपाणीला परतलो होतो. माझे वडील तिथल्या एका वखारीत तंबाखूची प्रत ठरवण्याचे काम करीत. पानाची प्रत ते डोळे मिटून, केवळ अंगठ्याने ओळखीत. माझ्याजवळ मात्र नवा पत्र्याचा डबा होता, पितळी कडीचे भिंग होते, झाडे दाबून वाळवायच्या दोन लाकडी फळ्या होत्या, आणि कमरेला खुरपे. बेळगावच्या पश्चिमेला, जांबोटीच्याही पुढे, कोंगळवाडी नावाचे वीस-पंचवीस उंबऱ्यांचे गाव आहे. त्या गावावर जांभ्या दगडाचा एक अफाट सपाट माथा आहे. तिकडे अशा माथ्याला सडा म्हणतात. उन्हाळ्यात तो भाजलेल्या विटेसारखा निर्जीव दिसतो. पण भाद्रपदात, जेमतेम वीस दिवस, त्या दगडाला जणू स्वप्न पडते: निळे, पिवळे, जांभळे, बोटभर उंचीचे. मग ते पुसले जाते.

त्या वीस दिवसांतल्या एका दुपारी, दगडाच्या एका भेगेत, मला ते फूल दिसले. खरपुडीच्या कुळातले होते, इतके तत्काळ कळले. तशी पोकळ नळी, वर टोके जुळवून बांधलेल्या पाच पाकळ्या, खाली मातीत गोल कंद. पण अशी खरपुडी कोणत्याही ग्रंथात नव्हती. मी गुडघ्यावर बसलो, तो बराच वेळ उठलोच नाही. त्या वेळी मी जे अनुभवले त्याला भक्ती म्हणावे असे मला वाटते. पण भक्तीच्या पुढच्याच पायरीवर हाव उभी असते हे त्या वयात कोणी सांगितले नव्हते. एक मुंबईसाठी, एक कलकत्त्यासाठी, एक विलायतेसाठी, एक माझ्यासाठी, आणि एखादे खराब झाले तर म्हणून आणखी एक. संध्याकाळी डब्यात अकरा झाडे होती आणि सड्यावर अकरा उघडी भोके.

उतरलो होतो तो रवळू नावाच्या शेतकऱ्याच्या घरी. माझ्याच वयाचा, वाट दाखवायला तोच बरोबर होता. त्याच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, बसून मी फुलाचे चित्र काढले आणि झाडे दाबली. जाड कंद फळ्यांत वाळत नाही, कुजतो. म्हणून त्याचा उभा छेद घेऊन देठाला लागून असलेली एक पातळ चकती ठेवायची, बाकीचा कंद टाकून द्यायचा, अशी आमची रीत आहे. मी तसेच केले आणि पहाटे निघालो.

त्यानंतरची चूक निपाणीतल्याच माणसाने करावी अशी होती. तंबाखूचे पान कधी करकरीत वाळू देत नाहीत. त्याचा भुगा होतो. 'पान मेलं तरी त्यात थोडी ओल राहिली पाहिजे,' असे वडील म्हणत, आणि मी ते जन्मापासून ऐकत आलो होतो. फळ्यांमधले कागद रोज बदलायचे असतात. मला ते कागद फार कोरडे वाटत, म्हणून मी बदलले नाहीत. आठ दिवसांनी फळ्या सोडल्या तेव्हा दहा झाडांवर काळी बुरशी चढली होती. एक वाचले. ते मुंबईला गेले. जात नवी ठरली. तिच्या लॅटिन नावात शिप्पूरकर हे माझे आडनाव, मागे शेपूट लावून, कायमचे गोवले गेले.

नमुन्यासोबत एक टिपण पाठवावे लागते. स्थळ, उंची, माती, आणि शेवटी 'आढळ', म्हणजे ती वनस्पती तिथे किती प्रमाणात आहे. लेखणी त्या रकान्यापाशी थांबली. अकरा होती, अकरा काढली, असे जो लिहील त्याला कोण काय म्हणेल हे मला ठाऊक होते. मी लिहिले: 'विपुल'.

पुढच्या भाद्रपदात मी परत गेलो. भेगेत फक्त पाणी होते. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी निपाणीच्या शाळेत मास्तर झालो, संसार केला, वडील गेले. पण सत्तावीस भाद्रपदांपैकी एकोणीस मी त्या सड्यावर घालवले. माझ्या त्या एका शब्दावर विसंबून इतरही आले. दोघे मुंबईचे, एक धारवाडचा. हात हलवीत परत गेले आणि आपलाच आठवडा चुकला अशी स्वतःची समजूत घालून बसले. जे विपुल आहे ते आज ना उद्या सापडेलच, असे त्यांना वाटे. ते निश्चिंत राहू शकत. मला ती सोय नव्हती.

आणि या वर्षी मुंबईहून ते पत्र आले. चार ओळींचे, अतिशय सभ्य. 'सत्तावीस वर्षांत दुसरा नमुना मिळालेला नाही. आपल्या टिपणात आढळ विपुल असल्याची नोंद आहे. ही जात नष्ट झाली असे समजावे काय? आपले मत कळवावे.' सोबत उत्तरासाठी कोरे कार्ड जोडलेले. माझे नाव धारण करणारी एक जात जगातून गेली, हे मी माझ्याच अक्षरात लिहायचे होते. आणि ती कोणी घालवली हे जाणणारा माणूसही मीच. कार्ड खिशात ठेवून मी बेळगावला आलो, तिथून सर्व्हिस मोटारीने जांबोटी, पुढे सहा मैल पायी. गुडघे आता साथ देत नव्हते. ही शेवटची खेप हे मला माहीत होते.

तीन दिवस आम्ही सडा विंचरून काढला. ढग इतके खाली होते की हात पुढे केला तर मनगटापाशी संपे. रवळूही आता पन्नाशीचा, डोक्यावर घोंगडीची खोळ. पण जीभ पूर्वीइतकीच मोकळी.

"मास्तर, ह्ये फूल हाय का हरवल्यालं रेडकू हाय?" तो म्हणाला. "रेडकू बरं की वो. निदान हंबरतंय तरी."

"तू शोध. बोलू नको."

"मी डोळ्यानं शोधतोय, तोंड रिकामंच हाय न्हवं?"

सड्याच्या दक्षिण टोकाला चुना लावलेला एक दगड आहे. त्या दगडाशी आलो की रवळू न चुकता डावीकडे वळे आणि आम्ही अर्ध्या मैलाचा वळसा घेऊन पलीकडे उतरत असू. पहिल्याच वर्षी मी कारण विचारले होते. "तिकडं सातेरीदेवीचं वारूळ हाय. तिथं लोखंड चालत न्हाय, आणि तुमच्या कमरंला ते खुरपं," असे त्याने सांगितले होते. त्या वर्षीच्या माझ्या वहीत 'लोकसमजुती' या मथळ्याखाली ती गोष्ट नोंदलेली आहे. नंतर मी कधी विचारले नाही. वनस्पती गोळा करणारा माणूस खुरप्यावाचून हिंडत नाही, आणि खुरपे असले की वळसा आलाच. एकोणीस वर्षे दोन्ही गोष्टी इतक्या सवयीच्या झाल्या होत्या की त्यांच्यामध्ये काही सांडत असेल असे मनातही आले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्या जुन्या भेगेपाशी बसलो. जळवा पोटऱ्यांवर चढत होत्या, काढाव्याशा वाटेनात. समोर ओले गवत, त्यावर थेंब, थेंबांत आभाळाचा करडा तुकडा. निसर्ग क्षमाशील असतो असे माझ्या पिढीच्या कवितेत पुष्कळदा म्हटलेले आहे. त्या भेगेत मला क्षमा दिसली नाही, कोपही दिसला नाही. तिथे केवळ एक जागा होती, जिच्यात पूर्वी काही होते.

"चल रवळू," मी म्हणालो. "झालं."

घरी आलो तेव्हा चूल पेटलेली होती. रवळूची थोरली भावजय, दुर्गाबाई, भाकऱ्या थापत होती. तिचा नवरा कधीच वारला होता, आणि गेल्या चैत्रात सासूही गेली. तेव्हापासून घर तिच्या शब्दावर चाले. इतक्या वर्षांत मी त्या बाईचा आवाज क्वचितच ऐकला होता. सासूच्या राज्यात सोप्यावर पाहुणा असला की सुना माजघराचा उंबरा ओलांडत नसत. आज तिने आम्हाला सरळ चुलीपुढेच बसायला सांगितले. ओले कपडे वाफाळत होते. नाचणीची भाकरी, कुळथाची आमटी. घास तोंडात फिरू लागला.

आणि मी बोललो. का, ते सांगता येत नाही. थकलेल्या माणसाच्या हातून एखादी वस्तू निसटावी तसे ते निसटले.

"रवळू, ते फूल आता सापडायचं नाही. त्या वर्षी होती तेवढी मीच काढली. अकरा. एकही ठेवलं नाही. मुंबईला मात्र लिहिलं की पुष्कळ आहेत."

रवळूचा हात ताटावर थांबला. "समदी?"

"सगळी. मुळासकट."

"अन् एवढी वर्सं मला डोंगर हिंडवलासा?" त्याला राग आला नाही; त्याला ते मोजता येईना. "आदी बोलायचं न्हाय व्हय? मी आपलं म्हनतोय, असंल कुटंतरी, पुष्कळ हाईत म्हंत्यात मास्तर."

मी मान खाली घातली. तेवढ्यात तव्यावरची भाकरी उलटत दुर्गाबाई म्हणाली, "पर डोळं तर हितंच सोप्यात टाकून गेलतासा की."

चुलीत ओले लाकूड सुसकारा टाकत होते.

"काय टाकून गेलो होतो?"

"डोळं वो. कंदाचं डोळं." तिने भाकरी निखाऱ्यावर टेकवली. "मी नवी नवरी व्हते तवा. सकाळी सोपा झाडाय गेले तर बटाटं चिरल्यागत कंदाचं तुकडं पडल्यालं. आत्ती म्हनली, उकिरड्यात टाक. पर निम्म्याच्या वर तुकड्यांना डोळा व्हता. डोळा असल्याला कंद कोन उकिरड्यात टाकतंय?"

मी तिच्याकडे पाहत राहिलो. तिला वाटले मला समजले नाही. मग लहान मुलाला सांगावे तसे तिने सांगितले. रानातला कंद काढला की त्याचा वरचा तुकडा, ज्याला कोंब फुटतो तो, परत मातीत ठेवायचा आणि भोक बुजवायचे. "भोक उघडं ठिवलं की ते तोंड व्हतंय. फुडल्या वर्सी खायाला मागतंय. आमच्यात पोर चालाय लागली की हेच शिकिवत्यात." तिच्या माहेरी ही रीत फार कडक. आणि इथे तर रवळूने आदल्या रात्री घरात हसत हसत सांगितले होते की सायबाने अकरा भोके तशीच टाकली.

"मला झोप लागंना," ती म्हणाली. "अकरा तोंडं!"

"मग?"

"मग काय? ओटीत बांधलं अन् लाकडाला गेले. तुमच्या भोकांत पानी भरल्यालं. तिथं लावलं तर डुकरं उकरनार, न्हायतर तुमीच परत येनार खुरपं घिऊन." ती प्रथमच माझ्याकडे पाहून हसली. "म्हून वारुळापाशी लावलं. तिथं कोन उकरत न्हाय. काठीनं भोक केलं, बोटानं दाबलं."

"वैनी!" रवळू ओरडला. "सत्तावीस वर्सं! अगं बोललीस न्हाय!"

"इचारलासा कवा?" भाकरी त्याच्या ताटात पडली. "तुमी दोघं सोप्यात बसून कागदावरचं फूल बघनार. मला काय दावलासा? अन् आत्तीला कळलं असतं वारुळापाशी काय लावलं म्हून, तर मला माहेरी धाडली असती."

सत्तावीस वर्षे ते चित्र घेऊन मी गुराख्यांना विचारले होते, फॉरेस्टच्या शिपायांना, वैदूंना, देवळाच्या गुरवाला. ज्या घरात जेवत होतो त्या घरातल्या चुलीला विचारले नव्हते. आणि विचारणार तरी काय? चिरलेल्या कंदांची गोष्ट सांगायची तर अकरा झाडांची गोष्ट सांगावी लागली असती.

"ते... जगलं का?" मी कसेबसे विचारले.

"उद्या गौर आनायला जायाचं हाय. तेरडा तिथलाच आनतो आमी. चला की संगट." मग तिने माझ्या कमरेकडे पाहिले. "ते मातुर घिऊन न्हाय."

सकाळी चुना लावलेल्या दगडापाशी आम्ही थांबलो. दुर्गाबाई पुढे, डोक्यावर रिकामी पाटी. तिने आम्हा दोघांकडे पाहिले, आणि मी खुरपे काढून दगडावर ठेवले. मग खिशातला चाकू. मग, तिने बोट दाखवल्यावर, पत्र्याचा डबा.

"बुटाला खिळं हाईत," रवळूने चहाडी केली.

बूट काढले. सत्तावीस वर्षांत सड्यावर मी अनवाणी पाय ठेवला नव्हता. दगड अनपेक्षित कोमट होता.

"चष्म्याची तार?" रवळू आता रंगात आला होता.

"ऱ्हाऊ दे गा," ती म्हणाली. "त्येला दिसाय नगो? अन् भावजी, तुमच्या करगोट्याची किल्ली ठेवा आदी."

रवळूने निमूट किल्ली सोडली. भिंग पितळेचे, ते चालले.

उजवीकडची पायवाट मी कधी पाहिली नव्हती. ती कारवीतून उतरून एका उथळ खोलगटात जाते. मध्ये एक जुनी जांभूळ, आणि तिला टेकून वारूळ: लाल, ओले, पुरुषभर उंच, अनेक शिखरांचे, पायथ्याशी वाळलेल्या फुलांचा थर. दुर्गाबाईने पाटी ठेवली, हात जोडले. आम्हीही जोडले.

मला काही दिसेना. गवत होते, तेरडा होता, ढग होता. मी भेगा शोधत होतो, कारण माझ्या डोळ्यांना भेगांचीच सवय होती. "कुठे?" मी विचारले.

"पाय जपून," ती म्हणाली. "पायाशीच हाय."

मी खाली पाहिले. उजव्या पावलापासून चार बोटांवर ते उभे होते.

पांढुरकी हिरवी नळी, तिच्यावर जांभळट तांबूस ठिपके, जणू कोणी दात-ओठ आवळून एकेक काढलेले. तळाशी ती नळी किंचित फुगलेली. वर पाच अरुंद पाकळ्या, गडद, केसाळ कडांच्या, बाहेर झुकून पुन्हा आत वळलेल्या आणि टोकाशी एकमेकींत मिटलेल्या. मध्ये पाच खिडक्या. वीतभर उंचीच्या देठावर एक न पेटलेला कंदील. सत्तावीस वर्षे मी ज्या चित्राला खरे मानत आलो होतो ते माझेच चित्र त्याच्यापुढे अडाणी होते.

मी खाली बसलो. आणि मग, बसल्यामुळेच, दुसरे दिसले. त्याच्या मागे तिसरे. नजरेला एकदा तो आकार कळला आणि गवत जणू मागे सरले. दोन, पाच, आठ. मी बोटावर मोजत होतो. अकराला आलो तेव्हा हात थांबला. मी तिथे थांबून राहिलो. सत्तावीस वर्षे माझी सारी मोजणी या आकड्याशी येऊन संपत असे. आता त्या आकड्यापलीकडे, वारुळाच्या उतरणीवर, एक बारावे उभे होते, वाऱ्याने किंचित डोलत, कोणाचेही काही देणे लागत नसल्यासारखे.

ढग उचलला. खोलगटभर ऊन नव्हे, उन्हाची नुसती चाहूल पसरली, आणि जांभळीच्या पलीकडची सारी उतरण दिसू लागली. ती सगळी फुलांची होती. गवताच्या प्रत्येक पात्यामागून एक कंदील वर आलेला. जुने वाकलेले, कालचे, आजचे, उद्या उमलायचे. एकशे चाळीसपर्यंत मी मोजले. मग एका गर्दीत आकडा हरवला. पुन्हा सुरू करावेसे वाटले नाही. जगात कुठेच नाही म्हणून मी ज्याच्यासाठी मनात सुतक धरले होते ते इथे मोजवेना इतके होते.

भिंग काढून मी एका फुलावर वाकलो. एक इवलीशी माशी, तिळाहून लहान, खिडकीतून आत शिरली आणि नळीतून खाली उतरली. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. आत जाता येते, परत फिरता येत नाही. तिला आत दिवसभर राहावे लागेल. मग ते केस सुकतील, वाट मोकळी होईल, आणि ती अंगावर पराग घेऊन पुढच्या कंदिलाकडे जाईल. हे मी वर्गात शेकडो वेळा शिकवले होते. तो सापळा निर्दय आहे असे सांगत असे. आता त्या ठिपकेदार काळोखावर डोळा ठेवून असताना मला निराळेच वाटत होते: इतका लहान जीव, आणि त्याच्यासाठी इतके जपून बांधलेले घर, एका दिवसापुरते. ही बांधणी किती हजार भाद्रपद चालली असेल, माणूस या डोंगरावर यायच्या आधीपासून, आणि मी एका दुपारी ती संपवीत आणली होती.

"दिवाळीला ह्येच्या शेंगा फुटत्यात," दुर्गाबाई तेरडा उपटता उपटता सांगत होती. "पांढरी म्हातारी उडती. पोरं फुकत बसत्यात हितं. म्हून पसरलंय."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे?"

"पोरांना हाय. बायांना हाय. लावलं कुनी ते ठाव न्हाय, हाय तेवढं ठाव हाय." तिने तेरड्याची जुडी पाटीत टाकली. "बापय मानसं हिकडं कवा येत्यात? कुनाच्या कमरंला कोयता, कुनाच्या खांद्याला कुऱ्हाड."

रवळू गवतात बसून एका फुलाच्या खिडकीत डोकावत होता, खोळ मागे पडलेली. "लई न्यारं हाय की गं वैनी," तो हळूच म्हणाला. त्या सकाळचे त्याचे ते पहिले वाक्य, ज्यात थट्टा नव्हती.

"ह्येला तुमच्या बुकात काय म्हंत्यात?" तिने मला विचारले.

मी भिंग पुसू लागलो. रवळूने सांगितले. "मास्तरचंच नाव हाय त्येला. इंग्रजीत."

"तुमचं?" ती थांबली. मग मनापासून हसली; त्या हसण्यात टोचणी नव्हती, म्हणूनच ते खोल गेले. "उपटल्यालं तुमी, म्हून तुमचं? बरं हाय बाबा सायबाच्या राज्यात."

तिने नखाने दोन देठ खुडले, मातीला धक्का न लावता, आणि माझ्या हातावर ठेवले. "न्या की. फुलाला कोन न्हाय म्हंतंय? कंद तेवढा ऱ्हाऊ दे."

मी ते वहीच्या पानांत ठेवले. पान मिटताना मला वडिलांचा अंगठा आठवला.

परतताना दगडावरचे खुरपे रात्रीच्या दवाने नव्हे, एवढ्याशा ढगानेच ओले झाले होते. मी बूट घातले, खुरपे तिथेच सोडून पुढे निघालो. वाटले, नको आता.

"ओ मास्तर!" मागून हाक आली. "उचला ते. कुनाच्या तरी पायात जाईल."

मी परत फिरून ते उचलले.

घरात गौर बसवण्याची गडबड होती. मी सोप्यात बसून खिशातले कार्ड काढले. सत्तावीस वर्षांपूर्वी जिथे कंद चिरले ती हीच जागा, शेणाने सारवलेली. आणि तिथे बसल्यावर मला लख्ख दिसले की मी आता सुटलो आहे. 'जात नष्ट झालेली नाही. आढळ, पूर्वी नोंदवल्याप्रमाणे, विपुल.' एवढे लिहिले की पुरे. त्यातला शब्दन् शब्द खरा. मागाहून नमुना. मुंबईला आनंद होईल, माझ्या नावाला उजाळा मिळेल. माझे खोटे कोणीतरी माझ्या पाठीमागे, बोटांनी माती दाबून, खरे करून ठेवले होते. ते तसेच उचलायचे होते, जसे मी सगळेच उचलत आलो होतो.

आत कोणी बाई गौरीचे गाणे म्हणत होती. मी बराच वेळ लेखणी हातात धरून होतो.

मग आत हाक मारली. "दुर्गाबाई, तुमचं पूर्ण नाव सांगा. लिहायचं आहे."

ती दारात आली, हाताला पीठ. "दुर्गाबाई," म्हणाली आणि पुढे नवऱ्याचे नाव यायच्या जागी तोंडाला पदर लावून थांबली.

"मल्लाप्पा," रवळूने वाक्य पुरे केले. "मल्लाप्पा पारवाडकर. मेला तरी नाव घेत न्हाय बगा."

मी लिहिले. 'जात नष्ट झालेली नाही. नमुना वाळवून मागाहून पाठवतो. १९११ साली या सड्यावर एकंदर अकरा झाडे होती. ती सर्व मी मुळासकट काढली आणि आढळ विपुल असे खोटे नोंदवले. मी टाकून दिलेले कंदांचे तुकडे दुर्गाबाई मल्लाप्पा पारवाडकर, राहणार कोंगळवाडी, यांनी दुसऱ्या दिवशी लावले. आज मी एकशे चाळीसपर्यंत मोजली. पुढे मोजता आली नाहीत. तिथे लोखंड नेत नाहीत. जो कोणी पाहायला येईल त्याने ते दगडावर ठेवून जावे.'

कार्ड रवळूने हातात घेतले. त्याला वाचता येत नव्हते. त्याने ते उलटसुलट करून ओळी तेवढ्या पाहिल्या.

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

"मग सत्तावीस वर्सं कशाला लागली वो?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता, कार्ड ओले होऊ नये म्हणून ते घोंगडीच्या आतल्या घडीत ठेवून, जांबोटीच्या टपालाला निघाला.